कवटी दिसली की आधी बघा, ती कुणाची आहे

प्रश्न असा आला आहे: “रोमला सेंट पीटर्समध्ये एका पोपच्या समाधीवर वाळूचं घड्याळ उगारलेला सांगाडा पाहिला. पुढे वेरूळला बरगड्या मोजता येतील अशा देवता पाहिल्या. दोन्हीकडे सांगणं एकच आहे का, की मरण अटळ आहे? धार्मिक शिल्पांतली आणि नक्षीकामातली ही चिन्हं वाचायची कशी?”

सांगणं एकच नाही. दोन्हीकडे हाडं दिसतात म्हणून ते एक वाटतं, एवढंच.

मी बरीच वर्षं दगडी आणि हस्तिदंती शिल्पांच्या जतनाचं काम करते आहे. नोंदवहीत ‘कवटी’ किंवा ‘सांगाडा’ असा शब्द लिहून मोकळं होणं सोपं असतं, आणि खरी चूक तिथेच होते. मी आधी बघते की हे हाड कुणाचं आहे. समाधीत पुरलेल्या माणसाचं, देवाने मारलेल्या कुणाचं, की प्रत्यक्ष मृत्यूचंच? मग बघते ते कुणाकडे तोंड करून आहे. या दोन गोष्टी नीट पाहिल्या की बहुतेक शिल्पं उलगडतात.

तुम्ही पाहिलेली समाधी पोप सातवे अलेक्झांडर यांची असणार. ती इटालियन शिल्पकार बर्निनीची, १६७१ ते १६७८ या काळातली. काम सुरू झालं तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. वर पांढऱ्या संगमरवरातले पोप गुडघे टेकून, उघड्या डोक्याने प्रार्थनेत बसलेले आहेत. खाली तांबूस दगडाचा एक प्रचंड जड पडदा आणि त्या पडद्याखाली खराखुरा दरवाजा. दरवाजा तिथे आधीपासूनच होता, तो हलवता येत नव्हता. बर्निनीने अडचणीचंच सोनं केलं. त्या दाराला त्याने मरणाचं दार केलं आणि पडद्याच्या घडीतून सोन्याचा मुलामा दिलेला ब्राँझचा सांगाडा बाहेर काढला. त्याचं तोंड पडद्याच्या चुणीत झाकलेलं आहे, घड्याळ मात्र उंच धरलेलं आहे. आता पोप कुठे पाहतायत ते बघा. त्यांचं सांगाड्याकडे लक्षच नाही. म्हणजे घड्याळ त्यांना दाखवायचं नाही, त्यांची वेळ होऊन गेली आहे. ते खाली दारासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. हा सांगाडा पोपचा नाही, तो मृत्यू आहे आणि तो तुमच्याशी बोलतोय.

याच बर्निनीने त्याआधी, १६४७ मध्ये, पोप आठवे अर्बन यांची समाधी पूर्ण केली होती. तिथेही सांगाडा आहे, पण तो पंख असलेला आणि एका ग्रंथात पोपचं नाव लिहिणारा. तो कारकुनासारखा नोंद करण्यात गढलेला आहे, पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही. एकाच शिल्पकाराचे, एकाच चर्चमधले दोन सांगाडे आणि दोघांची कामं वेगळी.

अलेक्झांडर यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १६५५ मध्ये पोपपदी निवड झाल्याबरोबर त्यांनी बर्निनीकडून संगमरवरी कवटी करवून घेतली. ती पुढे जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहात गेली आणि बर्निनीचं नाव मागे पडलं. अलीकडे अभ्यासकांनी ती ओळखली आणि २०२१ मध्ये ती त्याचं काम म्हणून प्रदर्शनात मांडली गेली. इतक्या मोठ्या हाताचं काम इतकी वर्षं बिननावाचं राहू शकलं याचं मला नवल वाटत नाही. कवटीला चेहरा नसतो, कपडे नसतात, काळ ओळखायला लागणाऱ्या खुणाच नसतात. तिची माहिती तिच्या जागेत असते. जागा सुटली की ती नुसतं हाड होते.

आता युरोपातला दुसरा प्रकार. तिथे मृतदेह खुद्द समाधीच्या मालकाचा असतो. इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप हेन्री चिचेली यांची दुमजली समाधी आहे. वरच्या मजल्यावर ते पूर्ण धर्मवेषात, रंगवलेले. खालच्या मजल्यावर तेच, कफनावर उघडे पडलेले, खंगलेले. समाधी १४२० च्या दशकात तयार झाली आणि ते गेले १४४३ मध्ये. जवळजवळ दोन दशकं हा माणूस ज्या चर्चचा प्रमुख होता, तिथेच स्वतःचं प्रेत पाहत होता. फ्रान्समध्ये बार-ल-ड्युक इथलं लिजिए रिशिएचं शिल्प याच्याही पुढे जातं. १५४४ च्या लढाईत मारल्या गेलेल्या रने द शालों या सरदाराचं ते स्मारक आहे. अंगावर मांसाच्या आणि कातडीच्या चिंध्या लोंबतायत, तरी तो ताठ उभा आहे आणि डावा हात वर करून त्याने आपलं काळीज आकाशाकडे धरलं आहे. त्याला नुसतं ‘भयानक’ म्हणणारे लोक त्या वर उचललेल्या हाताकडे बघतच नाहीत. कुजणं देहाचं, अर्पण काळजाचं आणि दोन्ही एकाच आकृतीत. मला तरी या शिल्पाइतकी आशा फार थोड्या समाध्यांत दिसली आहे.

अशा समाध्या का घडल्या, याचं ठरीव उत्तर दिलं जातं ते १३४७ ते १३५१ च्या महामारीचं. ते अर्धं बरोबर आहे. तीन जिवंत राजपुत्रांना तीन प्रेतं भेटतात ही गोष्ट युरोपात तेराव्या शतकातच सांगितली जात होती, म्हणजे महामारीच्या आधी. माझ्या मते अधिक वजनाचं कारण धर्मविचारात आहे. मेल्यावर आत्म्याला शुद्धीसाठी यातना भोगाव्या लागतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्या कमी होतात, अशी श्रद्धा होती. मग समाधीला दोन कामं करावी लागत: येणाऱ्याला थांबवायचं आणि त्याच्याकडून प्रार्थना मिळवायची. कुजलेला देह माणसाला थांबवतोच. पुढे प्रोटेस्टंट पंथांनी मृतांसाठीची प्रार्थना नाकारली. कवटी उरली, पण तिचं मागणं संपलं. आता ती फक्त इशारा देऊ लागली. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या जुन्या दफनभूमीत हा प्रवास दगडांवर उतरलेला दिसतो: आधी पंखांची कवटी, मग पंखांचा गुबगुबीत देवदूत, मग अस्थिकलश आणि विलोचं झाड.

आता एक कवटी अशी, जी यातल्या कशातच बसत नाही. बऱ्याच क्रुसांच्या पायथ्याशी, येशूच्या पावलांखाली एक छोटी कवटी असते, कधी तिच्याखाली दोन हाडं आडवी-तिडवी ठेवलेली. सर्रास लोक ती ‘मरणाची आठवण’ म्हणून पाहतात. ती आहे आदमची. येशूला जिथे क्रुसावर चढवलं त्या गोलगोथा या जागेच्या नावाचाच अर्थ ‘कवटीची जागा’, आणि जुनी समजूत अशी की पहिल्या माणसाला तिथेच पुरलं होतं. क्रुसावरचं रक्त ओघळत त्या कवटीपर्यंत जातं, म्हणजे पहिल्या माणसाचं पाप धुतलं जातं. काही शिल्पांत हे रक्त खरोखर रंगाने ओघळताना दाखवलेलं असतं. ही कवटी मरणाची गोष्ट सांगत नाही, मरण फिटल्याची सांगते.

हे मी चुकून शिकले. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक लहान हस्तिदंती क्रूस आला होता. मेणबत्त्यांची काजळी आणि मेण साचून पायथ्याशी एक गोल गाठ झाली होती. मी नोंदीत ‘खडक’ असं लिहिलं. मेण काढायला घेतलं तेव्हा आधी एक खळगा दिसला, मग शेजारी दुसरा, मग दातांची ओळ. नोंद खोडून पुन्हा लिहिली. तेव्हापासून कुठल्याही क्रुसाचा मी पायथा आधी बघते आणि शिकायला येणाऱ्यांनाही तिथूनच सुरुवात करायला लावते.

संतांच्या हातातली कवटी पुन्हा निराळी. मग्दलेना, जेरोम, असिसीचे फ्रान्सिस यांच्याजवळ ती असते ती चिंतनाचं साधन म्हणून, जपमाळ असावी तशी. सतराव्या शतकात गोव्यात घडलेल्या हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’ मूर्ती पाहा. वर बाल येशू मेंढरू घेऊन डोळे मिटून बसलेला, खाली डोंगराचे थर, झरा, मेंढरं, आणि अगदी तळाच्या गुहेत आडवी झालेली मग्दलेना. तिच्याजवळ पुस्तक असतं, बऱ्याचदा कवटीही. सगळा डोंगर वीतभर उंचीचा, कवटी मुगाच्या दाण्याएवढी. कोरणाऱ्याने ती तरीही सोडली नाही, कारण तिच्याशिवाय मग्दलेनेचा पश्चात्ताप पूर्ण होत नाही. १५०० च्या आसपास युरोपात केलेल्या हस्तिदंती जपमाळेच्या मण्यांवर एका बाजूला तरुण चेहरा आणि उलट बाजूला कवटी असते. जप करताना मणी बोटांत फिरतो आणि चेहरा जाऊन कवटी येते. इथे वस्तू पाहायची नव्हती, चाचपायची होती. काचेच्या पेटीत ठेवल्यावर तिचा निम्मा अर्थ जातो.

आता वेरूळ.

तिथे तुम्हाला भेटली ती बहुधा सप्तमातृकांमधली, म्हणजे सात मातृदेवतांच्या रांगेतली चामुंडा, किंवा त्या मातृकांच्या शेजारची काळ आणि काळी ही हाडांची जोडी. चामुंडेला नीट वेळ द्या. खोल गेलेले डोळे, शिरा आणि बरगड्या वर आलेल्या, स्तन सुकलेले, गळ्यात मुंडमाळ, हातात कपाल, आसनाला प्रेत. आणि बऱ्याच मूर्तींमध्ये खपाटीला गेलेल्या पोटावर एक विंचू. हा विंचू हमखास सुटतो. झिजलेल्या दगडात तो बेंबीची घडी किंवा तडा वाटतो. तिरप्या उजेडात नांगीचा बाक दिसतो आणि सगळी मूर्ती बदलते, कारण तो विंचू म्हणजे पोटातली भूक. ही बाई मेलेली नाही, ती भुकेली आहे. देवीमाहात्म्यात चंड आणि मुंड यांना मारणाऱ्या काळीला ‘शुष्कमांसा’ म्हटलं आहे आणि त्या दोघांच्या वधावरूनच तिचं चामुंडा हे नाव आलं. असुर कितीही मारले तरी संपत नाहीत. ती गिळत जाते आणि तिचं पोट भरत नाही.

मग तिच्या हातातली कवटी कुणाची? मारलेल्याची. ते तिचं भांडं आहे. बर्निनीचा सांगाडा पाहणाऱ्याला सांगतो की मी तुझ्यासाठी येतोय. चामुंडा मृत्यूलाच आपल्या पानात वाढून घेते. तिच्यासमोर हात जोडणारा भक्त भीती विकत घ्यायला येत नाही, भीती तिच्या हवाली करायला येतो. म्हणून ती आई आहे. मातृकांच्या रांगेत काही जणींच्या मांडीवर मूल असतं आणि त्याच रांगेत शेवटी ही सुकलेली बाई. मांडीवरच्या मुलापासून प्रेतासनापर्यंत सगळं एकाच पट्टात, तेही सगळ्या आयाच. एवढी धीट मांडणी मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

भैरवाच्या हातातलं कपाल मात्र वेगळ्या कुणाचं आहे: ब्रह्मदेवाच्या तोडलेल्या पाचव्या मस्तकाचं. ब्रह्महत्येमुळे ते हाताला चिकटलं आणि काशीला कपालमोचन या तीर्थावर गळून पडलं, अशी कथा. तिथे कवटी म्हणजे पाप आणि प्रायश्चित्त. काळीची मुंडमाळ तंत्रपरंपरेत पन्नास मुंडांची मानतात आणि ती पन्नास मुंडं म्हणजे वर्णमालेतली पन्नास अक्षरं. तिबेटी बौद्ध विधींत तर खऱ्या मानवी कवटीला धातूची कड बसवून पात्र करतात आणि स्मशानाचे रक्षक म्हणून दोन सांगाडे हसत, नाचत दाखवतात. त्यांच्या चेहऱ्यावर खिन्नता शोधू नका. ती तिथे नाहीच.

आणखी एक घोटाळा टाळा. हाडं दिसली म्हणजे मरण, असंही नसतं. बदामीच्या पहिल्या लेण्यात अर्धनारीश्वराशेजारी सांगाडा उभा आहे, तो भृंगी ऋषी. त्याने फक्त शिवालाच प्रदक्षिणा घालायचा हट्ट धरला, तेव्हा पार्वतीने त्याचं रक्तमांस काढून घेतलं, कारण शरीरातला तो वाटा आईचा. हाडं राहिली ती बापाची. म्हणून तो नेमका अर्धनारीश्वरापाशीच उभा असतो, ज्याला आईशिवाय प्रदक्षिणा घालताच येत नाही. तमिळ परंपरेतली संत कारैक्काल अम्मैयार हिने स्वतः होऊन देखणं रूप टाकलं आणि पिशाचाची काया मागून घेतली. शिव नाचतो तिथे ती टाळ घेऊन बसलेली असते, वाळलेली आणि तृप्त. आजच्या पाकिस्तानातल्या सिक्री इथे सापडलेला, लाहोरच्या संग्रहालयातला उपाशी सिद्धार्थ असाच. शिरा आणि बरगड्या इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी कोरल्या असतील असं मला वाटत नाही, पण तो मरणाचा पुतळा नव्हे. तो तपाचा आहे.

नक्षीत लपलेलं चिन्ह पाहायचं तर कीर्तिमुख पाहा. शिवाने राहूला खायला एक भुकेला प्राणी निर्माण केला, राहू शरण आला, तेव्हा शिव त्या प्राण्याला म्हणाला, ‘स्वतःलाच खा.’ त्याने पायांपासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. ते तोंड आज मंदिराच्या उंबरठ्यावर, कमानीवर, प्रभावळीच्या टोकाला असतं. जावामध्ये याच मुखाला थेट ‘काळ’ म्हणतात. बोरोबुदूरच्या दारांवर ते आहे आणि तिथे त्याला खालचा जबडाच नाही, कवटीला नसतो तसा. पण त्या जबड्याविना तोंडातून मोत्यांच्या माळा आणि वेली बाहेर पडतात. गिळणाऱ्या तोंडातूनच पुन्हा हिरवळ येते. वर्णनात ‘राक्षसमुख’ एवढंच लिहिलं की हे सगळं हातचं जातं, म्हणून मी त्या शब्दावर अडून बसते.

आणि ज्या शिल्पांत एकही हाड नाही, ती मरणाची शिल्पं म्हणून आपण मोजतही नाही. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीचा बुद्ध उजव्या कुशीवर पहुडला आहे. परिनिर्वाण, म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूचा क्षण. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदात आलेले देव, मध्ये ती शांत कूस. वीरगळ घ्या. तो खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मध्ये अप्सरा त्याला नेतायत, वर तो शिवलिंगापाशी बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. सतीशिळेवर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात. त्या बांगड्या न फुटणं हेच तिचं सांगणं. खंबायतच्या कारागिरांनी चौदाव्या-पंधराव्या शतकात घडवलेल्या, जावापर्यंत पोचलेल्या संगमरवरी कबरशिळांवर कमानीत टांगलेला दिवा आहे, तो कुराणातल्या कोनाड्यातल्या दिव्याचा. ताजमहालात शहाजहानच्या कबरीवर कलमदान आहे आणि मुमताजच्या कबरीवर पाटी. पुरुषाची कबर कोणती, स्त्रीची कोणती, हे त्यावरून कळतं. बाकी बहुतेक फुलं.

शेवटी माध्यमाबद्दल, कारण ते क्वचितच कुणी सांगतं. सांगाडा दगडात कोरणं फार अवघड. हाताची नळी बारीक केली की ती पहिल्याच धक्क्याला तुटते. आपल्याकडच्या शिल्पींनी म्हणून धडावरच बरगड्यांच्या कडा उठवल्या, हात-पाय अंगाला टेकवून ठेवले आणि सांगाडा मागच्या पाषाणातून पूर्ण सुटू दिला नाही. बर्निनीला हवेत उगारलेला हात हवा होता, म्हणून त्याने ब्राँझ घेतलं. हस्तिदंताला हाडाचाच रंग, म्हणून छोटी कवटी त्यात जशी जिवंत वाटते तशी दुसऱ्या कशात नाही. आणि मृत्यूच्या हातातला कोयता किंवा भाला पुष्कळदा लाकडाचा किंवा लोखंडाचा, वेगळा बसवलेला असायचा. तो आज नसतो. मुठीत आरपार भोक दिसलं तर समजा की काहीतरी हरवलं आहे आणि त्या हरवलेल्या वस्तूशिवाय अर्थ ठरवायची घाई करू नका.

वेरूळला परत जाल तेव्हा विजेरी बरोबर न्या. कॅमेऱ्याचा झगझगीत प्रकाश मारू नका. तो खळगे भरून टाकतो आणि दगड सपाट दिसतो. मातृकांच्या रांगेत गणपती सापडला की त्याच्या जवळच चामुंडा सापडेल. विजेरी बाजूला, तिच्या कमरेच्या उंचीवर धरा, उजेड पोटावरून आडवा जाऊ द्या आणि विंचू शोधा. मिळाला तर त्याची नांगी वर आहे की खाली, ते लिहून ठेवा.